चार नंबरचं मत

"यात हसण्यासारखं काय आहे, ते मला कुणीतरी एकदा समजावून सांगा," आष्टेकर सरांनी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "दोन भाऊ. त्यातला एक मरतो. दुसरा प्रेतापाशी वाकून काहीतरी पुटपुटतो. आणि या बाई हसतायत!"

शालनताई हसत होत्या हे खरंच होतं. पण आवाज नव्हता. पदराचं टोक तोंडात धरलेलं, डोळे मिटलेले, खांदे गदागदा हलतायत आणि गालांवरून पाणी चाललंय. मला आधी वाटलं, बाईंना ठसका लागला. मी पाण्याची बाटली घेऊन धावलो.

"किती दिले?" मी विचारलं.

त्यांनी हाताची पाच बोटं दाखवली.

"सर, तुम्ही?"

"शून्य. शून्याच्या खाली काही असतं तर तेही दिलं असतं."

झालं. म्हणजे निवाडा पुन्हा माझ्या गळ्यात. मी हेडफोन लावला, तोच तुकडा तीनदा ऐकला. एक म्हातारा माणूस, नाक ओढत ओढत, झोपेतून उठल्यासारखा बोलत होता. दोन भाऊ, एक कुत्रं, एक गेट, एवढंच हाती लागलं. बाकी मला ओ की ठो कळलं नाही.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. सांगलीत विश्रामबागला, स्कूटरच्या एका शोरूमच्या वर निकमसाहेबांचं ऑफिस होतं. परदेशातली रेकॉर्डिंगं यायची, डॉक्टरांची, वकिलांची. ती ऐकून टाइप करून परत पाठवायची, असला धंदा. मी श्रेणिक चौगुले, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, तिथला सुपरवायझर. सुपरवायझर म्हणजे काय, तर माणसं चुकली की साहेबांच्या शिव्या आधी मी खायच्या.

त्या वर्षी डब्लिनहून भलतंच काम आलं. तिथल्या एका संस्थेकडं आयर्लंडच्या विनोदी कलाकारांची जुनी रेकॉर्डिंगं पडून होती. नऊशे तुकडे, एकेक दोन-तीन मिनिटांचा. टाइप काही करायचं नाही. ऐकायचं आणि किती हसू आलं त्याचा शून्य ते पाच आकडा द्यायचा.

"पण आपल्याला का विचारतायत, साहेब?" मी म्हटलं होतं. "त्यांचे लोक, त्यांचे जोक."

साहेबांनी पत्र पुढं केलं. फिनोला नावाच्या बाईंनी लिहिलं होतं की आमच्याकडं खरा विनोदी कोण, यावरून घराघरात भांडणं आहेत. कोण कुठल्या गावचा, कुणाचे वडील कुणाला ऐकायचे, यावर माणसं मत देतात. म्हणून आम्हाला असे कान हवेत की ज्यांच्या यातलं कुणीच ओळखीचं नाही. कलाकारांची नावं कळवणार नाही, फक्त तुकड्यांचे नंबर.

"सांगलीकरांचे कान," साहेब म्हणाले. "रिकामेच आहेत. लाव कामाला."

प्रत्येक तुकडा दोघांनी ऐकायचा होता. एक आष्टेकर सर, नंबर तीन (एक नंबर साहेबांचा, दोन माझा). कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि प्रत्येक गोष्टीवर एक व्याख्यान. दुसऱ्या शालनताई भोकरे, नंबर चार. पंचावन्नच्या असतील. नऊवारी नाही, साधं गोल पातळ, हातात कापडी पिशवी. पेपरातली जाहिरात बघून माधवनगरहून बसनं आलेल्या. परीक्षेला आम्ही एक इंग्रजी रेकॉर्डिंग लावलं होतं. पंधरा जण बसले, आणि या बाईंनी एक शब्द न चुकता लिहिलं. साहेबांना खात्रीच की शेजाऱ्याचं बघून लिहिलंय. शेजाऱ्याच्या मात्र अकरा चुका होत्या. तेव्हा साहेबांनी मुकाट्यानं त्यांना कामावर घेतलं.

दोघांचे आकडे दोनपेक्षा जास्तीनं वेगळे आले की तो तुकडा माझ्याकडं यायचा. मी निवाडा करायचा. आता मला विचाराल तर मी कसला विनोद ओळखणार! कॉमर्स केलेला माणूस मी. ती इंग्रजी म्हणजे तोंडात बटाटा ठेवून बोलल्यासारखी. पहिल्या दिवशी मी रडकुंडीला आलो. दुसऱ्या दिवशी मला युक्ती सुचली. रेकॉर्डिंगमध्ये लोक हसतात ना? किती वेळ हसतात ते मोबाइलवर मोजायचं. दोन सेकंद म्हणजे एक, चार म्हणजे दोन, दहाच्या वर म्हणजे पाच. आपल्याला कळो न कळो, तिथल्या माणसांना कळलंय ना, मग झालं! मी स्वतःवर फार खूश होतो.

नावं माहीत नसल्यामुळं आम्हीच नावं ठेवली होती. एक होता फटाका. बोलायला लागला की थांबायचाच नाही, आणि दर वाक्याला शंभर-दोनशे माणसं खो खो हसायची. आष्टेकर सर त्याला चार-पाच द्यायचे. "याच्याकडं कलाटणी आहे," म्हणायचे. "विनोदाला कलाटणी लागते." शालनताई त्याला जवळजवळ दरवेळी शून्य.

"का हो?" मी एकदा विचारलं.

"हसा, हसा म्हणून मागं लागलाय तो. दर वाक्याला हात पुढं करतोय. कीव येते हो मला."

आणि दुसरा होता तो सर्दीवाला. मघाचा, नाक ओढणारा. याची रेकॉर्डिंगं कुठल्यातरी बंद खोलीत केलेली. पुढं एकही माणूस नाही. हशा नाही, टाळी नाही, नुसतं घड्याळ टिकटिकतंय. म्हणजे माझ्या मोबाइलला काही कामच नाही. शून्य सेकंद, शून्य गुण. सर म्हणायचे, "हा विनोद नव्हे, हे दुखवट्याचं भाषण आहे." आणि शालनताई जवळजवळ दरवेळी पाच.

मी दरवेळी सरांच्या बाजूनं निवाडा द्यायचो. निवाडा दिला की पुढचा तुकडा लावायचो. शालनताईंनी एकदाही तक्रार केली नाही. नुसतं "बरं" म्हणायच्या आणि पुढच्या सर्दीवाल्याला पुन्हा पाच देऊन ठेवायच्या.

तिसऱ्या आठवड्यात निकमसाहेबांनी तो पांढरा फळा आणून लावला. डब्लिनच्या तक्त्यात एक रकाना होता, कुणाचं मत किती वेळा दुसऱ्याशी आणि निवाड्याशी जुळलं, त्याचे टक्के. साहेबांनी ते टक्के फळ्यावर उतरवले. तीन नंबर, ब्याऐंशी. चार नंबर, अठ्ठावन्न. खाली लाल पेननं रेघ मारली, सत्तर.

"सत्तरच्या खाली जो राहील तो शुक्रवारनंतर येणार नाही," साहेब म्हणाले. "क्लायंट आपल्याला मार्क देतोय, चौगुले. अठ्ठावन्न म्हणजे काय? बाईंना कळत नाही. कळत नाही म्हणून हसतात."

"साहेब, पण हे मत आहे. यात बरोबर-चूक..."

"टक्के म्हटलं की पास-नापास आलंच की रे!"

 मला वाटलं, खरंच असेल. टक्के उगाच कोण काढतं?

दुपारच्या सुट्टीत मी शालनताईंच्या शेजारी डबा उघडला. त्यांनी भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घातली, अर्धी माझ्या झाकणात ठेवली.

"ताई, फळा बघितलात?"

"बघितला."

"शुक्रवारपर्यंत जरा सांभाळून घ्या. सर किती देतील याचा अंदाज आता तुम्हाला आलाच असेल. त्यांच्या आसपास द्यायचं. जमेल की."

त्यांनी चटणीतला एक खडा बाजूला काढला.

"चौगुले, मालक जाऊन अकरा वर्षं झाली मला," त्या म्हणाल्या. "थोरल्या दिरांच्या घरात राहते. वाईट नाहीत हो माणसं. खायला घालतात, दुखलं-खुपलं बघतात. पण अकरा वर्षांत मला कुणी काही विचारलेलं नाही. भाजी कुठली करायची, ते जाऊबाई ठरवतात. टीव्ही कुठला लावायचा, ते भाऊजी. पाहुणे मला विचारतात, कशा आहात, आणि जाऊबाई सांगतात, बऱ्या आहेत. मी तिथंच बसलेली असते." त्या हसल्या. "आणि इथं दिवसातून वीस वेळा ते कॉम्प्युटर मला विचारतं, तुम्हाला काय वाटलं. वीस वेळा! पहिल्या दिवशी घरी जाताना मला बसमध्ये रडू आलं. आता त्यात मी दुसऱ्याचं मत भरू?"

"पण नोकरी जाईल, ताई."

"ती जाऊ नये म्हणून तर देवाला हात जोडते रोज. पण मला जे वाटलं, ते वाटलं."

माझं डोकंच फिरलं. नोकरी पाहिजे, पण नोकरी टिकेल असं काही करायचं नाही. सर्दीवाल्यात एवढं काय सोनं लागलंय की त्याच्यासाठी या बाई हातातलं काम घालवतायत? जेवण झाल्यावर मी तो दोन भावांचा तुकडा पुन्हा लावला. म्हातारा नाक ओढत होता. घड्याळ टिकटिकत होतं. मी चक्क तोंड वाकडं करून हसायचा प्रयत्न केला. आलं नाही.

गुरुवारी दुपारी चारला टक्के एकोणसाठ होते. साहेब मिरजेला गेलेले. सर आणि शालनताई साडेतीनलाच निघून गेले होते. मी तक्ता उघडला.

सुपरवायझरला सगळ्यांच्या रकान्यात हात घालता यायचा. मी चार नंबरचा रकाना उघडला आणि सर्दीवाल्याचे पाच खोडून तिथं एक, कुठं दोन, कुठं शून्य घालत गेलो. फटाक्याची शून्यं पुसून चार केली. एकेचाळीस आकडे बदलले तेव्हा टक्के त्र्याहत्तर झाले. मी थांबलो. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. एका विधवा बाईची नोकरी मी वाचवली होती आणि त्यांना ते कळणारसुद्धा नव्हतं. घरी जाताना आईसाठी बासुंदी नेली.

शुक्रवारी साहेबांनी फळ्यावर त्र्याहत्तर लिहिलं आणि स्वतः टाळ्या वाजवल्या. "बघितलंस? धाक दाखवला की विनोद कळायला लागतो!"

शालनताईंनी फळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि हेडफोन कानाला लावला.

सोमवारी सकाळी मी पोचलो तेव्हा त्या आधीच येऊन बसल्या होत्या. हेडफोन कानावर नव्हता. समोर पडद्यावर जुना तक्ता उघडलेला होता.

"चौगुले, इकडं या."

मी गेलो. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. दोन भावांचा तुकडा. चार नंबरपुढं आकडा, एक.

"हा मी दिलाय?"

"ताई..."

"मी पाच दिले होते. तुम्ही मला पाणी आणून दिलंत."

आष्टेकर सर दारातून आत येत होते, ते तिथंच थांबले.

"तुमच्यासाठीच केलं मी," मी म्हणालो. माझा आवाज चढला, कारण मला राग आला होता. मी चांगलं करायला गेलो आणि ही बाई मला चोर पकडल्यासारखी विचारतेय! "नाव कट होणार होतं तुमचं. मी वाचवलं. कुठं बिघडलं? आकडाच तर आहे!"

त्यांनी हेडफोनची वायर नीट गुंडाळली. डबा पिशवीत घातला.

"म्हणजे घरी आहे तेच इथं," त्या म्हणाल्या. "बऱ्या आहेत म्हणून तुम्हीच सांगून टाकलंत."

चप्पल घालून त्या जिना उतरून गेल्या. मी मागं गेलो नाही. दिवसभर धुसफुसत राहिलो. सरांनी विचारलं, "किती आकडे बदलले होतेस?" मी सांगितलं. सर म्हणाले, "माझ्यासारखे करून टाकलेस?" आणि त्यानंतर ते त्या दिवशी एकही व्याख्यान न देता बसून राहिले. मला त्यांचंही कळेना. त्यांचंच मत जिंकलं होतं की!

चार नंबरला साहेबांनी शोरूमच्या कॅशियरचा मेहुणा बसवला. तो सरांचा आकडा बघून आपला आकडा टाकायचा. टक्के सत्त्याण्णव. साहेबांनी फळ्याला हार घालायचा तेवढा बाकी ठेवला.

मग दहाव्या की अकराव्या दिवशी फिनोलाबाईंचं पत्र आलं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून वाचायला लावलं. एकदा वाचलं, मग म्हणाले, "मराठीत सांग, मला काहीतरी चुकीचं कळतंय."

मी सांगितलं. बाईंनी लिहिलं होतं की सुरुवातीचे आकडे आले तेव्हा आमच्या ऑफिसात आनंदाची लाट उठली. कारण नाक ओढणाऱ्या त्या कलाकारावरून आमच्याकडं अगदी हेच होतं. बाप हसून लोळतो आणि मुलगा उठून दुसऱ्या खोलीत जातो. त्याला कधी न ऐकलेल्या माणसांतही तस्संच होतं, हे बघून आम्हाला भरून आलं. चार नंबर जिथं पाच देतात, तिथं माझे वडील हसायचे, अगदी त्याच जागी. पण नंतरच्या याद्यांमध्ये तुमचं सगळ्यांचं एकमत झालंय, आणि आधीचे आकडेही बदललेले दिसतात. एकमताचा आम्हाला काही उपयोग नाही. टक्क्यांचा रकाना फक्त आमच्या माहितीसाठी होता, हे पहिल्या पत्रातच लिहिलं होतं. कृपा करून कळवा, चार नंबरला काय झालं? त्यांची तब्येत बरी आहे ना?

साहेब खुर्चीत मागं रेलले.

"म्हणजे भांडण झालं तर खूश, आणि एकमत झालं तर तक्रार?"

"तसंच दिसतंय."

"ही कसली माणसं रे? मग टक्के कशाला काढतात? अं? कशाला काढतात मग?" ते खरोखर दुखावले होते. शेवटी म्हणाले, "जा. बाईंना घेऊन ये. आणि ते जुने आकडे परत घाल."

जुने आकडे! मी ते कुठंच लिहून ठेवले नव्हते. पुसले आणि त्यावर लिहिलं. 

माधवनगरात त्यांचं घर सापडायला वेळ लागला नाही. बैठं घर, पुढं अंगण, अंगणात भेंडी आणि मिरच्या, आणि रस्त्याला लागून लोखंडी फाटक. मी आत पाय टाकला तसा ओसरीवरून करडा आवाज आला.

"फाटक लावून या! शेळ्या शिरतात."

या थोरल्या जाऊबाई. मी परत जाऊन फाटक लावून आलो. शालनताई ओसरीच्या कडेला बसून लसूण सोलत होत्या. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली.

मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. पत्र, फिनोलाबाईंचे वडील, तब्येतीची चौकशी, सगळं. "साहेबांनी परत बोलावलंय, ताई. फळा काढून टाकलाय."

"छे, त्या कुठल्या येतायत आता," जाऊबाई म्हणाल्या. "एवढ्या लांब बसनं. झालं तेवढं पुष्कळ झालं. बऱ्या आहेत त्या इथंच."

मी शालनताईंकडं बघितलं. त्यांचा लसूण सोलायचा हात थांबला होता. अकरा वर्षं काय होत असेल ते माझ्या पुढ्यात घडत होतं आणि मीही तेच केलं होतं, आकड्यांनी. मला फार लाज वाटली.

"काकू," मी जाऊबाईंना म्हणालो, "मी त्यांना विचारलं होतं."

जाऊबाई उठून आत गेल्या आणि तांदळाचं ताट घेऊन आल्या.

"यायचं की नाही ते मी ठरवते," शालनताई हळूच म्हणाल्या. "आधी माझे एकेचाळीस आकडे द्या. त्या सोमवारी तक्त्यात मोजलेत मी."

"ताई, ते... मी लिहून ठेवले नाहीत. माझी चूक झाली. फार मोठी चूक झाली. माफ करा."

"वही आहे?"

वही होती.

"मग लिहा. सर्दीवाल्याचे सव्वीस. त्यातल्या पंचवीसला पाच. त्या छत्रीच्या गोष्टीला दोन."

"दोन का?"

"त्या दिवशी त्याला स्वतःलाच कंटाळा आला होता. आवाजात कळतं. फटाक्याचे पंधरा. चौदाला शून्य. त्याच्या आईच्या चपलेच्या गोष्टीला तीन, ती चांगली होती. तिथं तो हसा म्हणून मागं लागला नव्हता."

मी लिहून घेतलं. मग पेन मिटलं, आणि जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं.

"ताई, तुम्हाला ही त्यांची बोली कळते कशी? आम्हाला अर्धी कळत नाही. सरांनाही नाही."

"माझे वडील पाचगणीला नन्सच्या शाळेत माळी होते. मी तिथंच वाढले. आमच्या सिस्टर अ‍ॅग्नेस आयर्लंडच्या. अगदी अशाच बोलायच्या, तोंडावरची रेघ हलायची नाही. एकदा वडिलांनी गुलाबाची कलमं उलटी लावली, शेंडा खाली आणि बुडखा वर. सिस्टर त्यांना एक शब्द बोलल्या नाहीत. रोज सकाळी यायच्या, गुडघे टेकायच्या आणि जमिनीला कान लावायच्या. आठ दिवसांनी वडिलांनी विचारलं, सिस्टर, काय करता? तर म्हणाल्या, फुलं आलीत का बघते."

मला हसू आलं. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कुणी?"

जाऊबाई ताटात तांदूळ घेऊन निवडायला बसल्या होत्या. निवडत मात्र काहीच नव्हत्या.

"आणि ते दोन भाऊ?" मी म्हणालो. "मी सात-आठ वेळा ऐकलं. हसायचं कुठं ते मला अजून कळलेलं नाही. सांगता?"

शालनताईंनी हात पदराला पुसले.

"दोन भाऊ. एकच घर, रानात. लग्न कुणाचंच नाही. एका संध्याकाळी थोरला म्हणाला, रानाचं फाटक तू उघडं टाकलंस, गाय गेली. धाकटा म्हणाला, मी नाही, तू. तेवढ्यावरून बोलणं बंद. बावीस वर्षं. एकाच चुलीवरचं जेवायचे. मीठ पाहिजे झालं तर कुत्र्याला सांगायचे."

"कुत्र्याला?" जाऊबाई म्हणाल्या.

"हां. 'त्याला सांग, मीठ इकडं सरकव.' मग ते कुत्रं म्हातारं होऊन मेलं. तर दोघं मिळून बाजारात गेले आणि नवीन कुत्रं घेऊन आले. भांडण चालू ठेवायला."

"मग पुढं?" जाऊबाईंनी ताट खाली ठेवलं होतं.

"मग थोरला गेला. तिकडं माणूस गेला की पेटीत घालून घरातच ठेवतात, सगळा गाव बघायला येतो, चहा पितो. सगळ्यांच्या मनात एकच, धाकटा आता तरी बोलतो का. धाकटा आला. टोपी काढली. पेटीपाशी उभा राहिला. खोलीत नुसतं घड्याळ वाजतंय. बायकांनी डोळ्याला रुमाल लावले. तो खाली वाकला, भावाच्या कानापाशी तोंड नेलं." शालनताईंनी त्या म्हाताऱ्यासारखं नाक ओढलं. चेहरा अगदी कोरा. "आणि म्हणाला, 'जाताना फाटक लावून घे.'"

जाऊबाईंनी कपाळाला हात लावला.

"अगं बाई," जाऊबाई म्हणाल्या. "मेलेल्या माणसाला? बिचारा. यात हसायचं काय आहे?"

शालनताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. पदर तोंडात गेला होता. "तुम्हाला काय वाटलं, चौगुले? आकडा किती?"

मी मोबाइल खिशातून काढला आणि परत ठेवला. मला खरंच सांगता येईना. छातीत काहीतरी हललं होतं, पण ते हसू की दुसरंच काही, कोण सांगणार?

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

"सांगा. मीही करते. सोमवारी आले तर आले."

मी वही बगलेत घालून पायऱ्या उतरलो. भेंडीच्या वाफ्यापर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात मागून जाऊबाईंचा तोच करडा आवाज आला.

"जाताना फाटक..."

आणि तो तिथंच तुटला.

मी वळून बघितलं. जाऊबाई तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. मग तो हात सुटला आणि त्या अशा काही हसल्या की मांडीजवळचं ताट कलंडून तांदूळ ओसरीभर झाले. शालनताई खांबाला टेकून हसत होत्या, या वेळी मोठ्यानं, आवाज करून. "मेला... कानात..." असं काहीतरी जाऊबाई म्हणत होत्या आणि पुढचं सांगता येत नव्हतं त्यांना.

मी बाहेर येऊन फाटक लावलं. कडी हातात होती, आणि मलाही ते आलं. पोटातून आलं. रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला उतरून बघायला लागला, काय झालं म्हणून. मी त्याला हातानं सांगत होतो, जा, जा, काही नाही.

किती सेकंद हसलो, ते मोजायचं राहून गेलं.